उठायचं नाही

गोदामात तिला सगळे भोंगा म्हणत. तोंडावर म्हणत, आणि तिलाही त्याचं काही वाटत नसे. आवाजच तसा होता. ती कुजबुजली तरी पलीकडच्या रांगेतली माणसं माना वळवून बघायची. एकदा तिनं शेजारणीच्या कानात सुपरवायझरबद्दल काहीतरी सांगितलं, तर पार दुसऱ्या टोकाहून सुपरवायझरनंच उत्तर दिलं, “मी ऐकतोय हं!”

हा आवाज तिच्या माहेरचा. तिचे वडील पत्र्याच्या पिंपांच्या कारखान्यात ठोकाठोकीला होते. दिवसभर पत्र्यावर हातोडे पडायचे, आणि कारखान्यानं कानात घालायला साधे बोळेसुद्धा कधी दिले नाहीत. पोरं मोठी व्हायच्या आत वडिलांचे कान गेले. मग घरातल्या सगळ्यांनाच ओरडून बोलायची सवय लागली. ‘मीठ द्या’ हेसुद्धा असं म्हणायचे, की वाटावं आता डोकी फुटणार. शेजारी नवीन कुणी राहायला आलं, की पहिले काही दिवस ते बिचारे रोज भांडण मिटवायला यायचे.

वडील निवृत्त झाले त्या दिवशी कारखान्यात छोटासा समारंभ झाला. मालकांनी भाषण केलं. म्हणाले, “या माणसानं इतक्या वर्षांत एका शब्दानं तक्रार केली नाही.” वडिलांना त्यातलं अक्षरही ऐकू आलं नाही. सगळे टाळ्या वाजवताहेत असं दिसल्यावर त्यांनीही हसून टाळ्या वाजवल्या. आई म्हणाली, “विचारलं कुणी होतं त्यांना?” ती आपल्या परीनं हळूच म्हणाली, म्हणजे अख्ख्या सभागृहाला ऐकू गेलं. मालकांनी भाषण आवरतं घेतलं. भोंगा घरातलं शेंडेफळ, तेव्हा फ्रॉकमध्ये होती, आईला खेटून बसली होती. आईची मान खाली जाईल असं तिला वाटलं होतं, पण आई मालकांकडे सरळ बघत बसली होती.

लग्न होऊन सासरी आली तर तिथं अगदी उलटं. नवरा शाळेच्या बसचा ड्रायव्हर. दिवसभर पोरांचा कलकलाट ऐकून घरी आला, की भिंतीशी स्पर्धा केल्यासारखा गप्प. सासू शिवणकाम करायची. मशीनच्या आवाजापलीकडे तिला कुठलाच आवाज खपायचा नाही. नव्या सुनेनं पहिल्याच सकाळी विचारलं, “चहा टाकू का?” तेव्हा सासूच्या हातातली सुई बोटात गेली. “टाक बाई,” ती म्हणाली, “पण मी बहिरी नाही गं अजून.” पुढं दोघींचं छान जमलं. सासू म्हणायची, हिच्यामुळे चोर तरी घरात शिरणार नाही.

मुलगी कॉलेजात गेली, सासूचे गुडघे धरले, आणि घर एका पगारात भागेना. तेव्हा ती गोदामात लागली.

शहर संपून मोकळी जमीन सुरू होते तिथं ते गोदाम होतं. बाहेरून पाहिलं तर खिडक्या नसलेलं एक भलंमोठं खोकं. लोक घरी बसून मोबाईलवर जे काय मागवतात, ते सगळं इथं यायचं आणि इथून जायचं. आत मांडण्यांच्या गल्ल्या, छताला टेकलेल्या. मध्ये सरकता पट्टा. पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना टेबलं, आणि टेबलांपाशी बायका उभ्या. वस्तू घ्यायची, हातातल्या यंत्रानं तिच्यावरच्या काळ्या रेघा टिपायच्या, खोक्यात घालायची, चिकटपट्टी मारायची, पट्ट्यावर सोडायची. तोवर पुढची आलेलीच. टिपायच्या यंत्राला बायका बंदूक म्हणत. कुणी जरा थांबली की ती बंदूक टीं टीं करायला लागायची, आणि वरच्या पडद्यावर तिचा नंबर लाल व्हायचा.

नंबर लाल झाला की सुपरवायझर यायचा. तरुण, चटपटीत माणूस. सकाळी आल्यापासून जाईपर्यंत तोंडात एकच, “चला, चला, चला!” म्हणून बायकांनी त्याचं नाव चलाचला ठेवलं होतं. तो तसा दुष्ट नव्हता. वरच्या काचेच्या खोलीत मॅनेजर बसायचे, ते त्याच्यावर खेकसायचे, आणि तो खाली येऊन तेच पुढं वाटायचा. पण वाटताना पदरची थोडी भर घालायचा.

संडास गोदामाच्या दुसऱ्या टोकाला. जाऊन येईपर्यंत नंबर लालभडक. म्हणून बायका पाणीच प्यायच्या नाहीत. पण सगळ्यात वाईट होतं ते उभं राहणं. तिथं बसायला बंदी होती. खुर्ची नाही, स्टूल नाही, टेबलाला टेकलं तरी चलाचला लांबून बोट हलवायचा. घरी गेल्यावर भोंगा जमिनीवर पाठ टेकून पाय भिंतीवर चढवायची. पायांच्या जागी कुणीतरी लाकडाचे ओंडके जोडलेत असं वाटायचं. सासू शिवण बाजूला ठेवून तिच्या पोटऱ्या चोळायची आणि म्हणायची, “माझे गुडघे म्हातारपणी गेले. तुझे तर आत्ताच चाललेत.”

तिच्या शेजारच्या टेबलावर चिमणी होती. अंगानं एवढीशी म्हणून चिमणी. पहिलटकरीण. महिने चढत गेले तसे तिचे पाय इतके सुजले, की चपलेचे बंद मांसात रुतायचे. काम सोडणं तिला परवडत नव्हतं. एक दिवस तिला राहवेना, तेव्हा ती एका भरलेल्या खोक्यावर टेकली. चलाचला आलाच.

“हा माल आहे, सोफा नाही,” तो म्हणाला. “ऊठ.”

चिमणी उठली. त्यानं तेवढ्यावर न थांबता तिला घरी पाठवलं आणि त्या दिवसाची मजुरीही कापली.

“साहेब, एक स्टूल द्या ना तिला,” भोंगा म्हणाली.

“एकीला दिलं की सगळ्यांना लागेल.”

“मग सगळ्यांना द्या.”

चलाचला हसला. त्याला तो विनोदच वाटला. चार बायकाही हसल्या, कारण तो हसत होता.

त्यानंतर थोड्याच दिवसांत चिमणी पट्ट्यापाशी कोसळली. आधी तिची बंदूक पडली, मग ती. भोंगानं धावत जाऊन तिचं डोकं मांडीवर घेतलं. ओठ पांढरे पडले होते. “पट्टा थांबवा!” भोंगा ओरडली, आणि ती ओरडली म्हणजे छतावरचे पारवे उडाले. चलाचला धापा टाकत आला. त्यानं चिमणीकडे पाहिलं, वरच्या काचेकडे पाहिलं, आणि म्हणाला, “तिला बाजूला घ्या. पट्टा थांबवू नका.”

पट्टा थांबला नाही. चिमणीच्या टेबलाशी खोकी साचत गेली, एकेक करून खाली पडू लागली, काही तिच्या पायांपाशी येऊन आपटली. गेटवरच्या वॉचमन काकांनी रस्त्यातली एक गाडी हात करून थांबवली म्हणून ती दवाखान्यात पोचली. पोटातलं बाळ वाचलं. डॉक्टरनं तिला पडून राहायला सांगितलं, आणि कामावरून तिचं नाव गेलं.

सुट्टीच्या दिवशी भोंगा तिला भेटायला गेली. एका खोलीचं घर, भिंतीला लागून पलंग, पलंगाखाली पाण्याच्या कळश्या. चिमणी उशांवर पाय ठेवून पडली होती. रडत नव्हती. छताकडे बघत होती.

“ताई, मला त्याचा राग येत नाही,” ती म्हणाली. “माझाच येतो. त्या दिवशी तो ऊठ म्हणाला आणि मी उठले. उठायला नको होतं मी.”

“उठली नसतीस तर काय झालं असतं? काढलं असतं तुला.”

“तसंही काढलंच की.”

घरी येताना वाटभर ती गप्प होती, आणि घरी आल्यावरही. नवऱ्यानं तिच्या कपाळाला हात लावून पाहिला.

मग एक दिवस गोदामात बातमी आली, की पाहुणे येणार. परदेशातली बडी गिऱ्हाइकं. ज्यांचा माल इथून जायचा, त्यांच्या कानावर कुठूनतरी गेलं होतं, की इथं माणसांना बरं वागवत नाहीत. ते स्वतः बघायला येणार होते.

गोदामाचा कायापालट झाला. फरशी धुतली. फुलझाडांच्या कुंड्या आल्या. ठिकठिकाणी गार पाण्याचे जार ठेवले. संडासात साबण आला, आणि त्याचा वास इतका चांगला, की बायका उगाचच हात धुऊन येत होत्या. वरचा पडदा बंद झाला, बंदुकांचं टीं टीं बंद झालं. आणि पाहुणे येणार त्या सकाळी एका टेम्पोतून खुर्च्या आल्या. चांगल्या, पाठीला टेकू असलेल्या, निळ्या कापडाच्या. प्रत्येक टेबलापाशी एक. टेम्पोवर भाड्यानं सामान देणाऱ्याचं नाव लिहिलेलं होतं, पण पाहुणे यायच्या आत टेम्पो निघून गेला.

चलाचला टाय लावून आला होता. सगळ्या रांगांतून हात हलवत फिरला, “बसा, बसा, बसा!” बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. कुणीतरी मागून म्हणालं, “आजच्या दिवस बसाबसा म्हणायचं का याला?” आणि पदर तोंडात कोंबून सगळ्या हसल्या.

भोंगापाशी आल्यावर मात्र त्याचा चेहरा बदलला. “भोंगा, आज तुझा घसा बसलाय. समजलं?”

“माझा? छे हो, ठणठणीत आहे.”

“म्हणूनच,” तो म्हणाला, आणि तिला थेट मागच्या खोलीत पाठवून दिलं. लोकांनी परत पाठवलेला माल ठेवायची ती खोली. बाहेरून कडी लावली.

भोंगानं रात्रभर मनात जुळवून ठेवलं होतं, पाहुण्यांना काय काय सांगायचं ते. चिमणीचं सांगायचं, पट्ट्याचं सांगायचं. ती दाराला कान लावून बसली. पाहुण्यांच्या बुटांचे आवाज आले. मॅनेजरांचं इंग्रजी ऐकू आलं. कुणीतरी पॅकिंगवरच्या एका बाईला विचारलं, “कसं वाटतं इथं?” दाराच्या फटीतून भोंगाला दिसलं, ती ताडमाड होती. उंच, हाडकुळी म्हणून ताडमाड, कुणाच्या अध्यात ना मध्यात. आता ही तरी सांगेल, असं भोंगाला वाटलं. ताडमाड म्हणाली, “बरं वाटतं. बसायला मिळतं.” बुटांचे आवाज लांब गेले. भोंगानं दारावर दोन थापा मारल्या, हाकही मारली, पण तोवर पाहुणे बाहेर गाड्यांत बसले होते. ते समाधानानं निघून गेले.

दुपारी कडी उघडली तेव्हा तिच्या डोक्यात जाळ झाला होता. ती बाहेर आली तर माल चढवायच्या धक्क्याला टेम्पो लागलेला, आणि चलाचला टाय सैल करून टाळ्या वाजवत होता. “चला, चला, चला! उठा! खुर्च्या द्या परत!” बायका उठत होत्या. एकीनं तर आपली खुर्ची पुसूनही ठेवली.

भोंगा तरातरा आपल्या टेबलापाशी गेली. तिची खुर्ची सकाळपासून रिकामीच होती. ती बसली. बंदूक उचलली, समोरची वस्तू टिपली, खोक्यात घातली, चिकटपट्टी मारली.

“भोंगा, ऊठ.”

“काम करतेय साहेब.”

“खुर्च्या परत जायच्यात.”

“सकाळी पाहुण्यांना काय सांगितलंत? आमच्याकडे बसून काम करतात म्हणून. तुमचा शब्द खरा करतेय मी. खोटं पाडू का तुम्हाला?”

“हा तमाशा बंद कर. संप करायचाय का?”

“संप?” भोंगानं दुसरं खोकं पट्ट्यावर सोडलं. “हात चालताहेत की माझे. काम नाकारलं असेल तर सांगा. मी फक्त उठत नाहीये.”

तिचा आवाज गल्लीगल्लीतून फिरून परत आला. उठलेल्या बायका जागच्या जागी थबकल्या. मग चिमणीच्या जागेवर आलेली नवी बाई, जिचं कुणाशी धड बोलणंही झालं नव्हतं, ती हळूच खाली बसली. मग तिच्या पलीकडची. मग सगळी रांग. जिनं आपली खुर्ची पुसून ठेवली होती, ती तर धपकन बसली. कुणी घोषणा दिली नाही. नुसता खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला, आणि बंदुका पुन्हा सुरू झाल्या.

खुर्चीवाला धक्क्यावर उभा होता. गोल पोटाचा, कानावर पेन्सिल खोचलेला. तो हात जोडत पुढं आला. “बायांनो, माझ्या पोटावर पाय देऊ नका हो. संध्याकाळी शाळेचं बक्षीस-वाटप आहे, तिथं पोचवायच्यात.”

“दादा, तुमच्याशी भांडण नाही,” भोंगा म्हणाली. “तुमच्याकडे एवढ्याच खुर्च्या आहेत?”

“तसं नाही. दुसऱ्या आहेत. लाल आहेत.”

“मग पोरांना लाल द्या. आणि या साहेबांकडून जादा भाडं घ्या.”

खुर्चीवाल्यानं क्षणभर विचार केला. मग कानावरची पेन्सिल काढून तो चलाचलाकडे वळला. “साहेब, ते जादा भाड्याचं कसं करायचं?”

अख्ख्या रांगेला हसू फुटलं. तेवढ्यात वरची काच सरकली आणि मॅनेजर जिना उतरून खाली आले. गोरापान चेहरा लाल झालेला. “काय चाललंय? पोलिसांना बोलावू का?”

“बोलवा,” भोंगा म्हणाली. “त्यांनाही खुर्ची देऊ.”

मॅनेजरांनी वॉचमन काकांना हाक मारली. “काका, काढा खुर्च्या!”

वॉचमन काका वयस्कर माणूस. सकाळपासून संध्याकाळपर्यंत गेटवर उभा, उन्हातान्हात. ते काठी टेकत आत आले. बायकांकडे पाहिलं. भोंगाच्या दुसऱ्या बाजूची बाई आज आली नव्हती, तिची रिकामी खुर्ची त्यांनी उचलली. मॅनेजरांनी मान डोलावली. काका ती खुर्ची डोक्यावर घेऊन शांतपणे चालत गेले, थेट गेटपर्यंत. तिथं सावलीला त्यांनी ती मांडली, झटकली, आणि मांडीवर काठी आडवी ठेवून बसले.

आता मॅनेजरांपुढं पेच पडला. बाहेर ट्रक मालाची वाट बघत उभे. खुर्च्या ओढून काढायच्या तर पट्टा थांबवायला हवा. त्यांचा हात लाल बटणाकडे गेला आणि अडखळला.

“थांबवा ना,” भोंगा म्हणाली. या वेळी ती ओरडली नाही, तरी सगळ्यांना ऐकू गेलं. “चिमणी इथंच पडली होती, आत्ता तुमचे पाय आहेत तिथं. तेव्हा नाही थांबवलात. आमच्या खुर्च्या काढायला थांबवा, म्हणजे आम्हाला कळेल तुमच्या लेखी कशाची काय किंमत आहे ते.”

मॅनेजरांनी हात मागं घेतला आणि जिना चढून गेले. पट्टा चालूच राहिला. पाळी संपली तेव्हा दुसऱ्या पाळीच्या बायका आल्या. त्यांना दारातच सगळं कळलं होतं. प्रत्येकीनं उठता उठता आपली खुर्ची पुढच्या बाईच्या हवाली केली. “धर, गरम आहे.”

घरी सासूनं सगळं ऐकलं आणि मशीन थांबवून पोट धरून हसली, विशेषतः लाल खुर्च्यांच्या ठिकाणी. नवऱ्याला हसू आलं नाही. तो जेवता जेवता म्हणाला, “तू गप्प बसायला काय घेशील?”

“बसलेच की आज,” ती म्हणाली. “गप्प तेवढी नाही.”

“उद्या काढतील तुला.”

“ठाऊक आहे.”

झोपताना त्यानं तिचे पाय आपल्या मांडीवर ओढून घेतले आणि चोळत बसला. इतक्या वर्षांत हे पहिल्यांदाच.

सकाळी तसंच झालं. गेटवर तिनं कार्ड लावलं, दिवा लाल. पुन्हा लावलं, पुन्हा लाल. जाळीपलीकडून चलाचला म्हणाला, “तुझं काम संपलं. घरी जा.” दुसरी पाळी सुटताच खुर्च्याही गेल्या होत्या, वॉचमन काकांचीसुद्धा. काका उभे होते आणि तिच्या नजरेला नजर देत नव्हते.

बायका येऊन मागं साचत होत्या. भोंगानं मागं वळून पाहिलं आणि तिला पहिल्यांदा भीती वाटली. स्वतःसाठी नाही. प्रत्येकीच्या घरी कुणी ना कुणी आजारी होतं, कुणाचं पोर शाळेत होतं. “जा आत,” ती म्हणाली. “माझ्यासाठी कुणी थांबू नका.”

कुणी हललं नाही, पण कुणी बसलंही नाही. सगळ्या अवघडून उभ्या. तेव्हा ताडमाड पुढं आली. काल पाहुण्यांना ‘बरं वाटतं’ म्हणणारी. तिनं डब्याची पिशवी बाजूला ठेवली आणि गेटसमोर धुळीत मांडी घातली.

“इथं बसायला बंदी नाही ना?” ती जाळीकडे बघून म्हणाली. “मी काल खोटं बोलले. रात्रभर डोळा लागला नाही माझा.”

मग सगळ्याच बसल्या. ट्रकांची रांग लागली, हॉर्न वाजले. काही वेळानं ड्रायव्हर कंटाळून खाली उतरले आणि बायकांशेजारीच उकिडवे बसले. ऊन चढायला लागलं, तशी एक पिवळी बस धूळ उडवत आली आणि बरोबर गेटसमोर, बायकांवर सावली पडेल अशी उभी राहिली. ड्रायव्हर खाली उतरला, इंजिनाचं झाकण उघडून आत डोकं घातलं. भोंगाचा नवरा. पोरांना शाळेत सोडून आला होता.

“बस हटवा!” चलाचला ओरडला.

“बंद पडलीय,” नवरा म्हणाला. आणि बराच वेळ झाकणात डोकं घालून उभा राहिला. बस बंद पडलेली नाही हे सगळ्यांना दिसत होतं, कारण इंजिन चालू होतं.

शेवटी मॅनेजर बाहेर आले. स्टूल देतो म्हणाले. संडासला गेलं तर नंबर लाल होणार नाही, तेही कबूल. फक्त ही बाई आत येणार नाही.

भोंगा उठून उभी राहिली. “घ्या गं,” ती म्हणाली. “स्टूल मिळतंय. माझं मी बघेन.”

“तू गप्प बस,” ताडमाड तिच्यावर डाफरली. “तुझं बोलून झालंय. आता आम्ही बोलतोय.” मग मॅनेजरांकडे वळून म्हणाली, “ती आत जाईल. आणि चिमणीचं बाळंतपण झालं की तीही. नाहीतर सावली चांगली आहे इथली.”

दुपारी भोंगाच्या कार्डाला दिवा हिरवा लागला.

सगळं गोड झालं असं नाही. तिला पॅकिंगवरून काढून त्याच मागच्या खोलीत टाकलं, परत आलेल्या मालावर. स्टुलं आली ती अशी, की ज्यानं निवडली त्यानं टेबल बघितलंच नसावं. बसलं की टेबल गळ्याशी यायचं. बायका त्यावर पुठ्ठ्याच्या घड्या ठेवून बसू लागल्या. चिमणीला परत घ्यायला मॅनेजरांनी इतकी टाळाटाळ केली, की ताडमाडला आणखी एकदा गेटवर मांडी घालावी लागली. चिमणी आली, आणि आल्या दिवशी सगळ्यात आधी स्टुलावर बसून तिनं पाय हलवून दाखवले.

चलाचलाची बदली झाली. नवीन सुपरवायझर फार गोड बोलायचा. प्रत्येक वाक्याआधी ‘कृपया’ लावायचा आणि पुढं तेच सांगायचा, जे चलाचला सांगत असे. बायका म्हणायच्या, त्यापेक्षा तो बरा होता, निदान कळायचं तरी.

मागच्या खोलीत हवा नव्हती. माल चोरीला जाईल म्हणून तिथलं शटर कायम खाली असायचं, आणि उन्हाळा लागला तसं आत भट्टी झाली. भोंगानं दोनदा सांगून पाहिलं. ‘कळवतो’ असं उत्तर आलं. मग एका दुपारी तिनं बाह्या वर सारल्या, वाकून शटरला हात घातला आणि खडखडत ते छातीइतकं वर नेलं. बाहेरची हवा आत आली. खोलीतल्या बायकांनी डोळे मिटून तोंडं तिकडे केली.

नवीन सुपरवायझर धावत आला. “ताई, कृपया शटर खाली घ्या.”

भोंगानं शटर आणखी वर ढकललं, पार डोक्याच्या वर, आणि त्याच्याखाली खोक्यांची चळत लावून ते पक्कं केलं.

“नाही,” ती म्हणाली. “कृपया.”